तीन हजार मिलिमीटर पावसाचं वाळवंट

वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंट, अशी व्याख्या भूगोलाच्या पुस्तकात सापडते. जैसलमेर तिच्यात सहज बसतं. तिथलं 3162 चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क बघायला, माळढोक दिसतो का म्हणून, आपल्याकडचे पक्षिवेडे आणि भटके थंडीत गटागटाने जातात. रत्नागिरी या व्याख्येच्या जवळपासही येत नाही. इथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, म्हणजे जैसलमेरच्या निदान पंधरापट. तरीही एप्रिलमध्ये सकाळी राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, जाऊन बघा. नजर जाईल तिथवर काळा-तांबडा कातळ, टेकायला झाड नाही, गवत होतं ते वणव्यात गेलेलं, आणि ओंजळभरही पाणी नाही.

पाऊस कमी पडला की जमीन वाळवंट होते हे खरं. पण भरपूर पडलेला पाऊस धरून ठेवायला माती नसली तरी तेच होतं. रत्नागिरीचे सडे हे या दुसऱ्या जातीचं वाळवंट. वर्षातले चार महिने ते पाण्याखाली असतात आणि उरलेले आठ महिने त्यांच्यावर पाणी टिकत नाही. दहा-बारा जणांच्या गटाने एका दिवसात सहज पायी फिरता येईल असा हा मुलूख आहे. चढ बेताचे, वाटा सपाट, आणि पायाखाली दर पावलाला काहीतरी वाचण्यासारखं. मात्र नेहमीच्या गडकिल्ल्यांच्या सवयीने इथे गेलं तर फसगत होते. सडा बघायचा तर आधी तो झाला कसा, हे समजून घेतलेलं बरं.

धुऊन उरलेला खडक

सह्याद्रीचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्यावर उष्ण हवेत, आळीपाळीने चिंब पावसाळे आणि कडक उन्हाळे येत राहिले. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्ल होतं. हे पाणी खडकात झिरपलं की आधी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातात. मग हळूहळू सिलिकाही निघून जातो. मागे राहतात ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, कारण ती पाण्यात विरघळत नाहीत. लोखंडामुळे खडकाला गंजाचा तांबडा रंग येतो. हा आपला जांभा. दापोली-मंडणगडच्या बाजूला ॲल्युमिनियमचं प्रमाण इतकं वाढलं आहे की तिथे बॉक्साइटच्या खाणी निघाल्या.

जांभ्याचा एक गुण कोकणातल्या प्रत्येक घर बांधणाऱ्याला ठाऊक असतो. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हत्याराने तासता येतो. उघड्या हवेत वाळला की टणक होतो आणि पुन्हा भिजवला तरी मऊ पडत नाही. सड्याचा माथाही असाच उघड्यावर पडून कवचासारखा कडक झालेला आहे. या कवचामुळे माथा झिजत नाही, कडांना मात्र पऱ्ये आणि खाड्या कुरतडत राहतात. म्हणूनच रत्नागिरीचा भूगोल एकाच साच्याचा दिसतो: वर टेबलासारखा सपाट सडा, मध्ये झाडीने भरलेली घाटी, खाली वाडी, भाताची खाचरं आणि खाडी. महाबळेश्वर, पाचगणी, कास इथलाही माथा जांभ्याचाच. पण ती पठारं हजार मीटरच्या वर आहेत. कोकणातले सडे समुद्रापासून दोन-अडीचशे मीटर उंचीच्या आत राहतात. त्यामुळे कासवर धुकं आणि गारवा मिळतो, तर इथे ऊन आणि खारी हवा.

पाणी जातं कुठे?

जांभा सच्छिद्र असतो. चिऱ्याचा तुकडा हातात घेतला तर त्यात आरपार नळ्या आणि पोकळ्या दिसतात. सड्यावर पडलेल्या पावसापैकी बराचसा पृष्ठावरून धावत पऱ्यात उतरतो, पण भेगांतून आणि पोकळ्यांतून आत शिरणारं पाणीही थोडं नसतं. जांभ्याच्या तळाशी, खालच्या पाषाणाच्या वर, चिकणमातीसारखा मऊ थर असतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग ते पाणी आडवं सरकत डोंगराच्या कुशीत बाहेर पडतं. कोकणातली बहुतेक जुनी गावं, देवळांजवळची तळी, आगरांना पाणी देणारे पाट या झऱ्यांच्या रेषेवर वसलेले आहेत. वर वाळवंट आणि शंभर-दीडशे मीटर खाली नारळी-पोफळीचं आगर, ही दोन दृश्यं एकाच पाण्याने जोडलेली आहेत. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावर ठेवलेला रांजण. तोंड उघडं, आणि तळाला झिरपणारा.

हा रांजण मोठा असला तरी बारमाही नाही. मोठी छिद्रं पाणी लवकर घेतात आणि लवकर सोडतातही. म्हणून जूनपासून ओसंडून वाहणारे झरे होळीनंतर बारीक होतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरच्या धनगरवाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात टँकर का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या खडकाच्या रचनेत आहे.

बोटभर मातीतले मुक्काम

ऑगस्टच्या शेवटी सड्यावर गुडघे टेकून बसावं. पायाशी परातीएवढा एक खळगा असतो, त्यात घोटाभर पाणी आणि तळाला बोटभर माती. काठावर पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद उभे असतात, आणि त्यांच्यामधून सीतेची आसवं आपली जांभळी-निळी फुलं वर काढतात. या मातीत नत्र जवळजवळ नसतं, कारण दर पावसात ते धुऊन जातं. सीतेच्या आसवांनी त्यावर काढलेला उपाय भयंकर आहे. त्यांच्या मुळांच्या जागी टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी बाहेर काढून वनस्पती आत पोकळी तयार करते. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की झडप उघडते, पाणी शिकारीसकट आत ओढलं जातं आणि झडप बंद होते. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. शेजारीच दवबिंदू असतो. त्याच्या पानांवरचे चिकट थेंब खरोखर दवासारखे चमकतात आणि माशीला धरून ठेवतात. वनस्पतींच्या जगातल्या वेगवान सापळ्यांपैकी एक पाहायला अ‍ॅमेझॉनला जायचं कारण नाही. रत्नागिरीतल्या कुठल्याही भिजक्या कातळावर वाकलं तरी पुरतं.

पावसाळ्यातली ही चैन ऑक्टोबरमध्ये संपते. मग सड्यावरच्या वनस्पती तीन मार्गांनी उन्हाळा काढतात. बहुतेक जणी बी टाकून मरून जातात. त्यांचं आयुष्यच तीन महिन्यांचं. काही जणी कंदाच्या रूपाने भेगेत दडी मारतात. पांढऱ्या फुलांची दिपकाडी ही त्यातली मानाची. कोकण हेच तिचं मुख्य घर. तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण. काही गवतं आणि नेच्यांचे भाऊबंद पूर्ण वाळतात, तपकिरी होतात, हातात चुरगळतील असे दिसतात. पण मेलेले नसतात. पहिला पाऊस पडला की काही तासांत तेच जुनं पान पुन्हा हिरवं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा 62 जाती नोंदवल्या आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक उघड्या कातळावरच्या आहेत. कमी पाण्यात जगणारी पिकं शोधणाऱ्यांना या वनस्पतींची जनुकं फार मोलाची वाटतात. जांभ्याच्या पठारांवर वाढणाऱ्या गवताच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर रत्नागिरीच कोरलेली आहे: ग्लिफोक्लोआ रत्नागिरिका. वनस्पतिशास्त्रज्ञ अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कातळांवर वर्षानुवर्षं काम केलं, तेव्हा कुठे ओसाड म्हणून सोडून दिलेल्या या जमिनीकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

प्राण्यांतही वाळवंटी मंडळी हजर असतात. उघड्या कातळावर चार ठिपकेदार अंडी घालणारी टिटवी, दगडाच्या रंगात मिसळून बसणारा रातवा, गात गात आभाळात चढणारा चंडोल. आणि ज्याच्यासाठी पायाकडे बघून चालावं लागतं, तो फुरसे. पश्चिम आशियाच्या वाळवंटांपासून राजस्थानपर्यंत पसरलेला हा साप भिजक्या रत्नागिरीत एवढा रमला, कारण सड्याने त्याला हवी तशी कोरडी, दगडगोट्यांची, तापलेली जागा दिली. ब्रिटिश काळात इथे फुरशी इतकी होती की मारलेल्या सापामागे सरकार बक्षीस देत असे. लांबी फार तर दीड-दोन फूट. डिवचला की तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो आणि करवतीच्या पात्यांसारख्या खवल्यांतून खरखर आवाज काढतो. हा आवाज आला की जागच्या जागी थांबायचं आणि आल्या वाटेने मागे सरायचं.

फुरशाचं विष रक्तातले गोठवणारे घटक वापरून संपवतं. मग हिरड्यांतून, जखमेतून रक्त थांबत नाही. दवाखान्यात हे तपासायची पद्धत अगदी साधी आहे. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे. आपल्याकडचं सर्पविषविरोधी औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालतं, म्हणून साप ओळखत बसण्यात वेळ घालवू नये. आवळपट्टी नको, चीर पाडणं नको, चोखणं नको. हात किंवा पाय फळीला बांधावा तसा स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला न चालवता रुग्णालयात न्यायचं. जांभ्याच्या सांदीतला लाल विंचू हाही एके काळी कोकणात जीवघेणा होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही धोके टाळायला गटाला एकच नियम पुरे: सुटा दगड उलटायचा नाही, आणि दिसत नाही तिथे हात घालायचा नाही.

इथलं ऊन वेगळं

खऱ्या वाळवंटात पायी फिरणाऱ्यांचे नियम आपण वाचलेले असतात: टोपी, पाणी, पहाटे निघणं. सड्यावर हे सगळं लागतंच, पण एक गोष्ट उलटी आहे. जैसलमेरच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो, आणि एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तिथला धोका हा की अंग कोरडं राहतं आणि पाणी कमी झालेलं कळत नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत घाम निथळतो. निथळून खाली पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण अंग थंड करत नाही. म्हणून हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानात 40 अंशांपासून करतं, तर किनाऱ्यावर 37 अंशांपासूनच. त्यात सड्याचा काळपट कातळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि खालूनही भाजतो.

वाऱ्याचं वेळापत्रकही लक्षात ठेवण्यासारखं आहे. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी पडतात, आणि समुद्रावरचे खारे वारे साधारण अकराच्या पुढे सुरू होतात. मधला तास-दोन तास हवा ठप्प असते. तापमापकावर दुपार जास्त गरम असेल, पण सड्यावर जीव कासावीस होतो तो याच वेळेत. मार्चमध्ये कधी जमिनीकडचे वारे जोर धरतात आणि खारे वारे उशिरा येतात, तेव्हा तर रत्नागिरी घाटावरच्या शहरांसारखी तापते. म्हणून नऊ-साडेनऊला कातळ सोडून घाटीच्या झाडीत उतरायचं, आणि चार वाजेपर्यंत वर यायचं नाही.

चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. सड्यावर भरून घ्यायला जागा नाही, तेव्हा ते पाठीवरूनच न्यायचं. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ जायलाच हवं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे सूत्र सर्वांना पाठ असावं. पण कोकणाने हा प्रश्न आपल्या परीने कधीच सोडवला आहे. सकाळी निघताना मीठ घातलेली गरम पेज, वाटेत कोकमाच्या आगळाचं सरबत, उतरल्यावर ताक. पेजेतला स्टार्च आतड्यात साखर हळूहळू सोडतो आणि तिच्याबरोबर मीठ-पाणी शोषलं जातं. तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी याच तत्त्वावर बनते. गटातला कोणी बडबडायचा थांबला, पाय ओढू लागला, विचारलं तर असंबद्ध बोलू लागला, तर ते दमणं नाही, उष्माघाताची सुरुवात आहे. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच डॉक्टर.

आणखी एक सावधगिरी विजेची. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग जमतात. मोकळ्या सड्यावर उभा माणूस हाच सर्वांत उंच. एरवी गटाने एकत्र राहायचं, पण गडगडाट ऐकू आला की घाटीकडे उतरायला लागायचं; वेळच उरला नसेल तर एकमेकांपासून दूर होऊन, पाय जुळवून उकिडवं बसायचं.

कोरलेले प्राणी, नाहीसे झालेले प्राणी

सड्यावर एक दिवस घालवण्याचं सर्वांत मोठं निमित्त म्हणजे कातळशिल्पं. गावकऱ्यांना ती पिढ्यानपिढ्या माहीत होती; कोणी ती पांडवांची म्हणत, कोणी देवाची. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी 2012 पासून गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना विचारून आणि माती-गवत बाजूला करून त्यांची पद्धतशीर नोंद सुरू केली. बघता बघता ही संख्या हजाराच्या पुढे गेली. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि नववं गोव्यातलं फणसायमळ.

ही शिल्पं उभ्या भिंतीवर नाहीत, जमिनीवर आडवी आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, फक्त पायाशी जाणाऱ्या काही खोबणी दिसतात. त्याच्या अंगातच मासे, पक्षी, जनावरं अशा अनेक लहान आकृत्या कोरल्या आहेत, आणि माणूस आधी त्यांच्यातच हरवतो. मग सोंडेपासून सुरुवात करून बाह्यरेषेच्या कडेकडेने चालत जायचं, पायांनीच चित्र वाचायचं. भर दुपारी सावल्या नसल्याने खोबणी कातळात मिसळून जातात. उन्हं तिरपी झाली की प्रत्येक रेषेच्या एका काठावर काळी सावली धरते आणि प्राणी उठून दिसतो. उन्हाचा धोका टाळायला जी वेळ योग्य, तीच शिल्पं बघायलाही योग्य, हा योग चांगला जुळून आला आहे.

बारसूला एक मनुष्याकृती दोन वाघांच्या मधोमध आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी चौकटीतली भौमितिक रचना आहे. काही सड्यांवर गेंडा आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनी तो पाहिलेला असणार. म्हणजे तेव्हा इथे दलदली, उंच गवत आणि पाणवठे असणार. शिल्पं मध्याश्मयुगातल्या शिकारी-भटक्यांची असावीत असं अभ्यासक मानतात. शेतीच्या खुणा नाहीत, जनावरं मात्र भरपूर, हा त्यातला एक आधार. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, आणि तिथे पोचलेला प्रत्येक गट खिशातून फोन काढून ते करून बघतो. जांभ्यात चुंबकीय लोहखनिजं असतात, आणि उघड्या खडकावर वीज पडली की तेवढा भाग जोरदार चुंबकित होतो, हे जगात अनेक ठिकाणी नोंदलं गेलं आहे. फोनमधल्या होकायंत्रावर विसंबून सडा ओलांडू नये, हा त्यातला व्यवहारी धडा.

एका दिवसाचा बेत आखायचा तर पहाटे राजापूरच्या बाजूने बारसू आणि देवाचे गोठणे, दुपारी खालच्या गावात जेवण आणि विसावा, चारनंतर देवीहसोळ, आणि मावळतीच्या उन्हात समुद्राजवळचं कशेळी. तिथे कनकादित्याचं प्राचीन देऊळही आहे. रेल्वेने येणाऱ्यांना उक्षी सोयीचं. उक्षी आणि भोके या स्थानकांमध्ये गाडी कोकण रेल्वेच्या सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातून जाते, तेव्हा डोक्यावर हाच मुलूख असतो. सगळीकडे गावातला वाटाड्या घ्यावा. खाजगी जमिनीतून जावं लागतं, आणि कुठल्या गवताखाली काय आहे हे त्यालाच माहीत असतं.

गटाचे पाय

1994 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पेरूतल्या नाझ्का रेषा म्हणजे वाळवंटातली कोरीव चित्रंच. 2014 च्या डिसेंबरमध्ये एका पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते फलक मांडायला तिथे शिरले, आणि त्यांच्या पायांच्या खुणा वाळवंटात तशाच राहिल्या. हेतू चांगला असून नुकसान व्हायचं ते झालं. अमेरिकेत युटामधल्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांत मातीच्या वर शेवाळ-जिवाणूंची एक खपली असते. ती एका पावलाने मोडते आणि भरून यायला अनेक वर्षं लागतात. म्हणून तिथे सांगतात, मातीवर नको, खडकावरून चाला.

सड्यावर हाच नियम जसाच्या तसा लागू आहे. बोटभर माती जमायला किती पावसाळे लागले असतील याचा विचार करून गटाने उघड्या कातळावरून एका ओळीत चालावं, खळग्यांना वळसा घालावा. शिल्पावर मात्र कातळ असूनही पाय ठेवायचा नाही. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यात खडू, रंग किंवा पाणी भरायचं नाही. उक्षीच्या हत्तीभोवती बांधलेला कठडा आणि उंचावरून बघायची सोय हे चांगलं उदाहरण. गट पंधराच्या आत ठेवावा. पुढच्याचा आवाज मागच्याला ऐकू जाईल एवढाच तो मोठा असावा.

कागदावर पडीक

सातबारावर सडा बहुधा पोटखराब किंवा वरकस म्हणून येतो. लागवडीला अयोग्य, तेव्हा काहीही करायला मोकळी, असा त्याचा अर्थ लावला जातो. हापूसची कलमं लावायला सुरुंगाने कातळ फोडून खड्डे करतात आणि दुसरीकडची माती आणून भरतात. घरांसाठी चिरेखाणी हव्यातच, आणि त्या सड्यातच निघतात. रस्ते, कुंपणं, प्रकल्पही इथेच येतात. 2023 मध्ये बारसू-सोलगावच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा झालेल्या आंदोलनाने हे नाव देशभर पोचलं. कोकणातल्या माणसाला आंबाही हवा, चिराही हवा आणि रोजगारही हवा. यात कोणी खलनायक शोधण्यात अर्थ नाही. पण हे निर्णय घेताना सड्याची किंमत शून्य धरली जाते, तिथे हिशेब चुकतो. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. कोकणातल्या बहुतेक सड्यांच्या वाट्याला तसं संरक्षण आलेलं नाही.

ही किंमत वर उभं राहून कळत नाही, ती खाली मोजावी लागते. कुठला सडा किती पाणी मुरवतो आणि त्यातलं किती वाडीला मिळतं, हे त्याच्या पायथ्याच्या विहिरी सांगतात. म्हणून सड्यावर जाणाऱ्या गटाने परतीच्या वाटेवर अर्धा तास जास्त ठेवावा. पायथ्याच्या वाडीत उतरून, घरमालकाला विचारून, दोरीला दगड बांधून विहिरीत पाणी किती हात आहे ते मोजावं, तारखेसह वहीत लिहावं, आणि ती नोंद ग्रामपंचायतीत द्यावी. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच विहिरीवर. वर खाण निघण्याआधीचे आणि नंतरचे, बाग होण्याआधीचे आणि नंतरचे असे आकडे पाच-सात वर्षं साठले, तर पुढच्या ग्रामसभेत सड्याच्या बाजूने बोलणाऱ्याला फुलांचे फोटो दाखवत बसावं लागणार नाही.